पाचचा पाव

गवंडी घण खांद्यावर टाकून बेकरीत शिरला, तेव्हा ताई भट्टीच्या तोंडाला पाठ लावून उभी होती. "आधी मला फोड," ती म्हणाली, "मग भट्टीला."

गवंड्याने घण खाली ठेवला. ताईला फोडायला आणखी दोन माणसं आणावी लागली असती.

लाकडावर चालणारी ती भट्टी ताईच्या वडिलांनी बांधलेली. भिंती अशा जाड, की सोमवारी विझवली तर गुरुवारपर्यंत पाठ शेकून घ्यावी. पण पेटवायची मात्र रोज पहाटे तीनला, आणि पेटवणारा ताईचा धाकटा भाऊ, लोण्या. गवंडी त्यानेच बोलावला होता. त्याला आता हिच्या जागी विजेची भट्टी हवी होती, बटण दाबलं की तापणारी. नाहीतर उद्यापासून तो बिस्किटांच्या कारखान्यात चालला होता.

"जा ना मग!" ताई म्हणाली.

"जातोच!" लोण्या म्हणाला. दोघांपैकी एकालाही ते नको होतं, म्हणून आवाज एवढे चढले की फळ्यांवरचं पीठ उडालं.

तेवढ्यात आतून आई आली. "एप्रन बदला," ती म्हणाली.

घरचा नियमच होता तो. भांडण हाताबाहेर गेलं की एकमेकांचा एप्रन घालायचा आणि समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं. 'हो, हेच म्हणायचं होतं मला,' असं समोरचा कबूल करेपर्यंत स्वतःची बाजू काढायची नाही. या नियमावर आईने वडिलांशी एकतीस वर्षं संसार केला होता, आणि त्यातली दहा तरी तिने वडिलांच्या एप्रनात काढली होती.

ताईच्या एप्रनात लोण्या दोनदा गुंडाळला गेला. "मी ताई," त्याने नाक मुरडून सुरुवात केली. "जगातलं सगळं मला कळतं."

"मुद्द्यावर ये," आई म्हणाली.

"ही भट्टी बाबांनी बांधली. एकेक वीट वाजवून घेतली. मी सहा वर्षांची होते, चिखल मी तुडवला. बाबा गेले त्या दिवशी लोक म्हणाले, दुकान बंद ठेव. मी म्हटलं, बाबांनी आत लावलेला पाव जळू देऊ?" लोण्या भट्टीच्या विटांवरून हात फिरवू लागला.

"हो," ताई हळूच म्हणाली. "हेच म्हणायचं होतं मला."

मग लोण्याच्या एप्रनात कशीबशी मावलेली ताई उभी राहिली. "मी लोण्या. पहाटे तीनला उठतो. पोर जागी होते तेव्हा मी इथे. घरी जातो तोवर ती झोपलेली. संध्याकाळी ती खेळते, तर मी घोरतोय. सात महिन्यांची झाली, पण मी उचललं की भोकाड पसरते. माझी स्वतःची पोर मला ओळखत नाही..." ताईने एप्रनला नाक पुसलं. "फोडा हो ती मेली भट्टी!"

गवंड्याने घण उचलला.

"हात लावून दाखव!" लोण्या आडवा आला. "बाबांची भट्टी आहे!"

"तुझी पोर मोठी की चार विटा?"

"चार नाहीत, अकराशे आहेत!"

"मी चहा पिऊन येऊ का?" गवंडी म्हणाला. "तोवर कोण कुणाच्या बाजूने आहे ते एकदा ठरवा."

आईला हसू आवरेना. "लोण्या, हिने तुझं सगळं म्हटलं का?"

"म्हटलं. तीनलाच का उठावं लागतं, तेवढं राहिलं."

"त्यात काय?" ताई म्हणाली. "तीनला उठायचं, कारण पाचला पाव तयार हवा. पाचला हवा, कारण सूतगिरणीची पहिली पाळी..."

ती थांबली.

सूतगिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली होती. तिच्या छपरातून झाडं वर आली होती.

"मग पाचला येतं कोण?" आईने विचारलं.

लोण्याने आठवून पाहिलं. "मांजर. पण ते पाव खात नाही."

आधी गवंडी हसत सुटला, मग बाकीचे. असे हसले की धुराड्यावरचे कावळे गाव सोडून गेले म्हणतात.

"पहिलं गिऱ्हाईक साडेसातला," डोळे पुसत ताई म्हणाली. "साडेपाचला पेटवली तरी पुरे. एक दिवस मी, एक दिवस तू. लाकडं मी संध्याकाळीच रचून ठेवीन."

"पीठ मी मळून जाईन. आणि माझ्या पाळीला पोरीला घेऊनच येईन."

"आण की. पिठाने शिंकली नाही, तर घरचीच म्हणायची."

गवंड्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून भट्टीची एक सैल वीट तेवढी बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला निवृत्त स्टेशनमास्तर आले, पाव हातात घेतला आणि दचकून खाली टाकला. "अरे, पावाला काहीतरी झालंय! चटका बसतोय!"

"ताजा आहे, मास्तर."

"ताजा असा असतो होय?" मास्तर बोटांवर फुंकर घालत राहिले. मग त्यांना लोण्याच्या कडेवरची, कपाळापर्यंत पीठ माखलेली पोर दिसली. तिने त्याची मिशी दोन्ही मुठींत धरली होती. "आणि ही कोण?"

लोण्याने मिशी सोडवून घेतली नाही.

"आजच ओळख झाली," तो म्हणाला.