भुऱ्याची आंघोळ

भुऱ्याच्या कानातून आंबूस वास येऊ लागला आणि खाजवून खाजवून त्याची मान लाल झाली, तेव्हा रीता त्याला ऑटोत घालून दवनीवाड्याहून गोंदियाला घेऊन गेली. डॉक्टरांनी कानातला तपकिरी मळ काचेवर घेऊन तपासला.

"बुरशी आहे. औषध देतो, पण अंग कोरडं ठेवा. हा कुत्रा सारखा ओला राहतो का?"

"नाही जी. बाबा सकाळी एकदा आंघोळ घालतेत त्याले, बस."

डॉक्टरांनी मानेवरचे केस बाजूला केले. खालची कातडी भिजून पांढरी पडली होती.

"एकदा नाही, ताई. घरी जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी रीताने किराणा दुकान उघडलंच नाही. सकाळी बाबांनी भुऱ्याला आंघोळ घातली. दहा वाजता पुन्हा घातली. जेवण झाल्यावर ते पुन्हा बादली घेऊन निघाले, तेव्हा ती मागोमाग परसात गेली. भुऱ्या कुडकुडत होता, तरी त्यांचा हात चाटत होता.

"बाबा, कितीदा धुवून राहिले त्याले?"

"कितीदा म्हणजे? सकाळपासून अंगाले पाणी नाही लागलं बिचाऱ्याच्या."

रीताने त्यांच्या हातातला मग काढून घेतला आणि पदराने भुऱ्याला पुसू लागली. तिचे डोळे पाहून बाबा जवळ येऊन बसले.

"कायले रडून राहिली, बाई? औषध आणलं ना? होईल बरा."

"भुऱ्या तं होईल, बाबा."