बिनखिळ्याची जमीन

"एकही खिळा मारायचा नाही," गुप्तेसाहेब आरामखुर्चीतून म्हणाले. "आणि सागवान नको. आंबा आण. खणखणीत वाळलेला."

रखमाजी सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. खंडाळ्याच्या बंगल्यात दिवाणखान्याला लाकडी जमीन घालायची आहे, एवढ्या निरोपावर तो वडिवळ्याहून आला होता. खाली सिमेंटचा कोबा होता. बारा महिने गार, पावसाळ्यात घाम फुटल्यासारखा ओला.

"सायेब, आंब्याची खोकी करत्यात. दोन पावसाळ्यांत वाळवी खाईल."

"दोन पावसाळे पुष्कळ झाले."

तीस वर्षं रेल्वेचे पूल तपासलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? पेन्शनीत माणूस चिक्कू होतो, अशी रखमाजीने मनाची समजूत घातली.

बाई चहा घेऊन आल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय, माझे पाय गार पडतात. यांना आत्ता ऐकू आलं."

"इंजिनांनी कान गेले होते," साहेब म्हणाले.

रखमाजीने कोब्यावर डांबरी कागद अंथरला. फळ्या सहा फुटी, सव्वा इंच जाड. एकीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच. जीभ खाचेत ठोकली की दोघी एकमेकींना धरून बसत. कोब्याला काहीच जोडलेलं नव्हतं. लाकूड पावसात फुगतं, म्हणून चारी भिंतींपाशी बोटभर फट सोडली.

"तरंगती जमीन," साहेब खुशीत म्हणाले आणि खोकले. बराच वेळ खोकले.

मागच्या आषाढात शेजारचे स्टेशनमास्तर वारले. स्मशानात लाकूड ओलं, काम लांबलं, साहेब तीन तास पावसात उभे राहिले. तेव्हापासून छातीचं दुखणं जडलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदा पाऊस लागायच्या आत पुण्याला उतरा, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

"उतरत्यात बग," माळी हौशीराम रखमाजीला कोपऱ्यात म्हणाला. "बंगला इकनार. उगाच का बिनखिळ्याची? संगं न्यायची जमीन."

"जमीन काय घोंगडी हाय व्हय, घडी घालून न्यायला?"

पण हौशीरामचं म्हणणं त्याला पटत चाललं. साहेबांनी एक दिवस विचारलं, "सगळं मिळून किती मण भरेल रे?"

"जमीन कुनी तोलतं का, सायेब?"

"रेल्वेत सगळं तोलतात."

"असंल की अठरा-वीस मन."

"हं. पुरे."

मग साहेबांनी फळ्यांच्या पाठीवर नंबर घालायला लावले. खिडकीकडून एक ते चाळीस, तांबड्या खडूने. दाराकडून पुन्हा एक ते चाळीस, पांढऱ्या खडूने.

"सरळ एक ते ऐंशी घालू का?"

"नको. दोन वेगळ्या गाड्या आहेत त्या. एक आधी सुटेल."

कोपऱ्यात बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, साहेबांकडे पाहिलं, आणि टाके मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटची फळी बसली त्या दिवशी बाई चपला काढून खिडकीपासून दारापर्यंत चालल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या.

"ऊब आहे हो," त्या म्हणाल्या.

"मग? उगाच का केली?" साहेब म्हणाले.

हत्यारं पिशवीत भरताना रखमाजीने भीतभीत विचारलं, "बाई, पुन्याला कवा जायाचं?"

"आम्ही कुठे जाणार? यांना खंडाळ्याचा पाऊस सोडवत नाही."

साहेब त्याला फाटकापर्यंत पोचवायला आले. दम लागला तरी आले. "आषाढात माझ्या घरून निरोप आला, तर पटाशी घेऊन ये," एवढंच म्हणाले. फुगलेल्या फळ्या तासायच्या असतील, असं धरून रखमाजीने मान डोलावली.

आषाढात निरोप आला. पावसाची झड लागून आठवा दिवस होता. रखमाजी पोचला तेव्हा साहेबांना दिवाणखान्यात खिडकीपाशी निजवलं होतं. व्हरांड्यात माणसं खालच्या आवाजात बोलत होती.

हौशीराम गोणपाटाची खोळ ठिबकवत लोणावळ्याहून परत आला. "तिन्ही वखारी बगितल्या. समदं लाकूड वलं हाय. घासलेट वतलं तरी धरायचं न्हाई."

मागच्या वर्षी स्टेशनमास्तरांचं कसं झालं होतं, ते तिथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाई उठल्या. पायांत काही नव्हतं.

"रखमाजी, पटाशी आणलीत?"

"आनली, बाई. सायेब बोललं हुतं. कशाला, त्ये न्हाई सांगितलं."

"मलाही नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. साहेबांच्या उशाकडे वाकून त्यांनी पांघरूण सारखं केलं आणि बाजूला झाल्या. "यांना जरा उचलून व्हरांड्यात घ्या. मग खिडकीकडच्या चाळीस फळ्या काढा. दाराकडच्या राहू द्या, त्या माझ्या."