चेंबर

“सिलिकॉनची रेघ मध्येच तुटली तर तेल गळणार, आणि तेल संपलं की इंजिन गेलंच समज,” स्टुलावरून रंगरावनं बायकोला तिसऱ्यांदा बजावलं. उजवा हात लुळा पडल्यापासून गॅरेज बंदच होतं. पण दगडावर आपटून डॉक्टरांच्या गाडीचा इंजिनखालचा ऑइल चेंबर फुटला आणि ‘दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही’ म्हणत त्यांनी ती इथंच ओढून आणली.

“अहो, दर दिवाळीला पाच किलोच्या चकल्या पाडते मी,” नव्या चेंबरच्या काठावरून सिलिकॉनची ट्यूब फिरवत कमळ म्हणाली. रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. रंगरावला उभ्या जन्मात अशी जमली नव्हती.

तिनं गाडीखाली शिरून चेंबर बसवला, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले, सिलिकॉन वाळू दिलं, तेल भरलं. इंजिन सुरू करून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि थेंब पडतो का बघायला पुन्हा आत शिरली.

डॉक्टर आले. “काय उस्ताद, पक्कं बसलं ना?”

कागद कोरडाच होता. रंगरावनं जोडवी घातलेल्या पावलांकडं डाव्या हातानं बोट केलं.

“उस्ताद गाडीखाली आहेत.”