रोमचा ब्रोच

यशोधनने ऑफिसच्या दौऱ्यावर रोमला जाऊन बायकोसाठी दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राँझचा ब्रोच आणला. तारा तो पदराला लावून अख्ख्या अमरावतीत मिरवली. मग तिनं फोनवर वाचलं, की तिथल्या बाया असे ब्रोच जोडीनं लावत, दोन्ही खांद्यांवर.

“अहो, याचा जोडीदार कुठी गेला?”

“मातीतच राहिला असन. तुले एक पुरत नाही काय?” तो हसला.

संक्रांतीत त्याच्या ऑफिसातल्या प्रणालीकडं अकोल्याला हळदीकुंकू होतं. ताराला कुंकू लावायला प्रणाली वाकली, तर तिच्या पदराला तस्साच ब्रोच.

 

ताराने आपला ब्रोच काढला अन् भर बायकांत तिच्या दुसऱ्या खांद्याला टोचला. “घे वं, आज वाण मीच देते. हे जोडीनंच लावतात.”