कुरकुर

समुद्रातल्या बेटावरचा माँ-साँ-मिशेलचा मठ बघायला जाऊ, हे टुमणं गास्ताँनंच लावलं होतं आणि आता सकाळपासून त्याचीच कुरकुर चालली होती. बसला गर्दी, ऑम्लेट म्हणजे नुसता फेस, पायऱ्या तर संपतच नाहीत. त्याची बायको सोलांज ओठ घट्ट मिटून मागून चढत होती. वर मठाच्या गच्चीवर पोचल्यावर खाली ओहोटी लागलेली बघून त्यानं नाक मुरडलं. "हॅ! समुद्र कुठाय? नुसता चिखल."

सोलांजचा बांध फुटला. "अरे, मग मरायला आलास कशाला इथे? जन्मभर हेच ऐकत आलेय मी!"

लोक वळून बघायला लागले. गास्ताँ कठड्याला टेकून मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ओरड अजून," तो म्हणाला. "आपल्या पोराला, एर्वानला पुरून आल्यापासून आज पहिल्यांदा बोललीस."