सखूबाईंची विहीर

शेजारच्या गोदामाने डिझेलची टाकी पुरली आणि शिरवणे गावातल्या सखूबाईंच्या विहिरीला डिझेलचा वास मारू लागला. अर्ज देऊन देऊन त्यांच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे तालुक्याच्या कचेरीतले साहेब आले.

"सायेब, निसता वास घ्या. नातवाला ह्येच पानी पाजू का?"

साहेबांनी नाक दाबलं. "आजी, पिण्याच्या विहिरीजवळ डिझेलची टाकी चालतच नाही. उद्याच माणसं पाठवतो."

सखूबाईंनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं. सकाळी माणसं आली, तेव्हा चुना कालवायला त्यांनीच हौसेने बादलीभर पाणी शेंदून दिलं.

दुपारी कठड्यावर पांढऱ्या चुन्यावर लाल अक्षरं उमटली : 'हे पाणी पिण्यासाठी नाही.'

साहेबांनी फोटो काढला आणि गोदामवाल्याला फोन लावला.



"शेठ, तुमची टाकी बसली नियमात. आता जवळपास पिण्याची विहीरच नाही."