नवा पट्टा

बटण दाबलं की कपडे वाळवायच्या ड्रायरची मोटार गुरगुरत होती, पण आतला ड्रम जागचा हलत नव्हता. बाबांनी बटण बंद केलं, दारातून हात घातला आणि ड्रम फिरवून पाहिला. तो गरागरा फिरला. एवढा हलका तो फिरायला नको. ड्रम फिरवणारा पट्टा गेला, बाबा मनात म्हणाले. बोलले मात्र नाहीत. हल्ली त्यांनी तोंड उघडलं की मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत.

त्यांनी प्लग काढला, ड्रायर भिंतीपासून पुढे ओढला, आपली हत्यारांची पेटी उघडली आणि मागचे स्क्रू सोडवायला बसले. उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेली होती, त्यांना हे काम काय सांगायचं? सकाळी सूनच म्हणाली होती, "बाबा, ड्रायर बंद पडलाय. बघता का जरा?" लहान मुलाला विचारावं तसं विचारलं होतं. ओले कपडे खुर्च्यांवर आणि दारांवर लोंबत होते. बाबांना आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. ज्या घरात त्यांनी हात लावू नये म्हणून शेगडीची बटणं काढून ठेवली होती, त्या घरात विजेचं यंत्र मात्र खुशाल त्यांच्या स्वाधीन करत होते. पाणी कुठेतरी मुरत होतं.

साठी बुद्धी नाठी म्हणतात. बाबांनी साठी केव्हाच मागे टाकली होती, पण बुद्धी शाबूत आहे असं त्यांचं म्हणणं. घराचं म्हणणं वेगळं होतं. बाहेरच्या दाराला आता पार वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी बसली होती. आणि आज सकाळीच सून फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. "पुन्हा तेच. अजून किती दिवस जमेल, सांगता येत नाही. तुमच्याकडे एक खाट राखून ठेवा." खाट कुणासाठी, हे कळायला फार अक्कल लागत नाही. बाबा घाबरले होते. या घरातून हलवलं तर आपण संपलो, असं त्यांना वाटत होतं. यंत्र चालू करून दाखवलं की मग कुणाची बिशाद होती त्यांना वेडा म्हणायची!

मागचा पत्रा निघाला. पट्टा तळाशी पडला होता. बाबांनी तो उचलला, टोकं बोटांत धरली आणि ते थबकले. झिजून तुटलेल्या पट्ट्याला भेगा असतात, टोकाला दोरे सुटलेले असतात. याचं रबर नवंकोरं होतं आणि टोक सुरीसारखं साफ, तिरकं. हा पट्टा तुटला नव्हता. कुणीतरी कापला होता.

घरात माणसं तीन. त्यांतला एक मी, बाबांनी हिशेब केला. म्हणजे उरले दोघं.

"पट्टा ना?" सून दारात उभी होती. तिने कपाट उघडलं आणि पाकिटातला नवा पट्टा त्यांच्यापुढे धरला.

पट्ट्याबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते. जुना पट्टा त्यांच्या मुठीत होता, आणि मूठ ड्रायरच्या आड.

"तू आधीच आणून ठेवलास?"

"लागतो ना, बाबा," ती म्हणाली आणि नजर चुकवून निघून गेली.

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. पट्टा कापायचा, म्हाताऱ्याला यंत्र खोलू द्यायचं, त्याच्यानं जमलं नाही की नेऊन त्या खाटेवर टाकायचं. नवा पट्टा हातात दिला, म्हणजे संधी दिली नाही असंही कुणी म्हणायला नको. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते हे असं.

बाबा कामाला लागले. पट्टा ड्रमभोवती बसला. मोटारीच्या कप्पीवर चढला. पत्रा लागला, प्लग लागला. बाबांनी ओले कपडे आत कोंबले आणि बटण दाबलं. ड्रम फिरू लागला. त्यांना रडूच फुटलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि कापलेला पट्टा हातात घेऊन ते दाराकडे तोंड करून बसले.

दुपारी मुलगा जेवायला घरी आला.

"बाळ्या, इकडे ये," बाबांनी हाक मारली.

मुलगा उंबऱ्यातच थिजला. एक बूट पायात, एक हातात. त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. चोराच्या मनात चांदणं, बाबांना वाटलं.

"हा तुटलेला नाही, कापलेला आहे," पट्टा नाचवत ते ओरडले. "मला हाकलायचंय तर तोंडावर सांगा. यंत्राचा जीव कशाला घेता?"

मुलाने पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्हीच कापता, बाबा. मागचा पत्रा खोलता, पट्टा कापता, परत सगळं लावून ठेवता. आणि विसरता."

"खोटं!"

सुनेने कपाट पूर्ण उघडलं. वरच्या खणात नव्या पट्ट्यांची पाकिटं होती. खालच्या खणात कापलेले पट्टे होते, सगळे तसेच साफ, तिरके. बाबांनी त्यातला एक उचलून हातातल्या पट्ट्याच्या टोकाला लावून पाहिला.

"मग मला अडवत का नाही?" त्यांनी विचारलं. "शेगडीची बटणं काढलीत, माझ्या पेटीतली सुरी का नाही काढलीत?"

मुलाने हातातला बूट खाली ठेवला.

"दुरुस्ती करता त्या दिवशी तुम्ही मला बाळ्या म्हणून हाक मारता," तो म्हणाला. "एरवी मी दारात आलो की विचारता, कोण पाहिजे?"